फोटोत न येणारी झालर

आमच्या दाजींइतका दिव्यांच्या नादी लागलेला माणूस अख्ख्या इंदुरात सापडणार नाही. दिव्यावरची पाखरंसुद्धा एखाद्या दिवशी सुट्टी घेत असतील, दाजी नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. महूच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं आणि रिटायर झाल्यावर गळ्यात कॅमेरा अडकवला, तो अडकवलाच. दिवेलागण झाली की ट्रायपॉड खांद्यावर टाकून स्वारी बाहेर. कधी राजवाडा, कधी राजघराण्याच्या समाध्यांवरच्या छत्र्या, पण खरा जीव कृष्णपुऱ्याच्या पुलावर. रात्रीच्या फोटोला कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, तेवढा वेळ दाजी स्वतःचा श्वासही रोखून धरतात. चालती माणसं अशा फोटोत उमटत नाहीत म्हणे. पण कॅमेरा दिसल्यावर चालत राहील तो इंदुरी कसला! "भिया, पुल का क्या खींचना, हमारा खींचो!" म्हणत एकेक जण समोर असा ठाण मांडतो, की पुलापेक्षा तोच ठळक येतो. दाजी चिडत नाहीत. त्याचाही एक काढतात आणि वर त्याच्याकडूनच चहा पितात.

गेल्या वर्षी मात्र त्यांनी कहर केला. "अरे, पुलावर काय लाइटं लावलीत! एकेका दिव्याभोवती रंगीत झालर, गोल गोल. एकदम गजब!" आता ही झालर फोटोत येईना. दाजींनी लेन्स पुसली, लेन्स बदलली, कॅमेरा बदलला. शेवटी कॅमेऱ्याच्या दुकानदारालाच पुलावर नेऊन उभं केलं. तो म्हणाला, "सर, मेरे को तो सीधे-सादे बल्ब दिख रहे हैं." घरी येऊन दाजी मला म्हणतात, "बिचाऱ्याची नजर कमजोर आहे रे!"

ताईनं कपाळाला हात लावला आणि दाजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! उजव्याचं ऑपरेशन झकास झालं. बाहेर पडायची परवानगी मिळाली तशी दाजी मला घेऊन थेट पुलावर. डावा डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बस? इतकेच होते?" लहान पोराचा फुगा कुणी काढून घ्यावा तसा चेहरा झाला हो त्यांचा. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून डाव्या डोळ्याची तारीख पुढे पुढेच. ताई रोज भांडते, "मोतीबिंदू पिकलाय, डोळा गमावून बसाल!" डॉक्टरही रागावले. काल संध्याकाळी मी समजूत घालायला गेलो, तर म्हणाले, "चल, पुलावर बोलू."

तिथं त्यांनी कॅमेरा थैलीतून काढलाच नाही. उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि कठड्याशी उभे राहिले.

"करतो रे ऑपरेशन. सोमवारीच. तुझ्या ताईला सांग," थोड्या वेळानं म्हणाले. "आज फक्त जरा थांब."

मी थांबलो. शेजारून जाणारा एक ओळखीचा भेळवाला रेंगाळला. "क्या हुआ सरजी, आज फोटू नी खींच रिये?"

दाजींनी डोळ्यावरचा हात काढला नाही.

"ये फोटू में नी आता, भिया."