फायनलचा अंक

आमच्या नाशिकच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक क्लार्क आहेत. सायखेड्याहून एसटीने येतात, आल्यावर आधी चष्मा पुसतात आणि मगच माणसांशी बोलतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे जुनी मासिकं स्कॅन करायचं काम आलं. त्यांत पुण्याच्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या, शंभरेक वर्षांपूर्वीच्या मॅचेसची वर्णनं होती. ते रोज एकच मॅच वाचायचे आणि मी दिसलो की स्वतः बघून आल्यासारखी सांगायचे.

"काल लय चिखल होता सर. तरी दोन गोल मारले आपल्या पोरांनी."

पुढची पानं स्कॅन करताना मजकूर दिसू नये म्हणून ते चक्क खिडकीबाहेर बघायचे. मला आधी हसू यायचं. नंतर मधल्या सुट्टीत मीच त्यांना शोधू लागलो.

फायनलचा अंक मात्र गठ्ठ्यात नव्हता. दोन दिवस त्यांनी ग्रंथालयातली सगळी कपाटं धुंडाळली. तिसऱ्या दिवशी रजा टाकून पुण्याला गेले आणि त्या कॉलेजात बसून अंक वाचून आले.

"काय झालं फायनलला?" मी विचारलं.

"गोलकीपर बदलला होता सर. सगळ्या मॅचला एकच पोरगा उभा राहिला, अन् फायनललाच दुसरा. का, ते लिहिलंच नाय. पुढच्या वर्षाचे अंकबी चाळले. त्या पहिल्या पोराचं नाव कुठंच नाय."

बराच वेळ आम्ही दोघं त्या मुलाबद्दलच बोलत बसलो. मॅच कोण जिंकलं हे विचारायचं राहिलं, हे मला घरी पोहोचल्यावर आठवलं.