मेळ्यातल्या पाळण्याचं इंग्रजी

बाळांनो,

माझी पत्रं तुम्हाला ठाऊक आहेत. आधी पाऊसपाणी, मग तब्येती, मग तुमच्या प्रश्नांची उत्तरं, क्रमाने. हे पत्र तसं नाही. यातलं मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. चाळीस वर्षं रोज सकाळी समोरासमोर बसून चहा प्यायलो — आणि सांगितलं नाही. तुम्हाला लिहायला याआधी चार वेळा बसले, आणि चारही वेळा लोणच्याची कृती लिहून पाठवली. तुमच्याकडे लोणच्याच्या इतक्या कृती का येतात, ते आता कळलं असेल.

तुम्ही विचारलं होतंत, आजी, तू चळवळीत होतीस का? मी उत्तर टाळलं. होते का मी? होते म्हणायचं, तर कुठे होते?

सोलापुरात तीस सालचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, उठून वर्ष झालं होतं. मी सतरा वर्षांची. मॅट्रिक होऊन घरी बसलेली. आमच्या गल्लीत इंग्रजी कविता वाचणारी मुलगी मी एकटीच, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. माझे वडील, आप्पा, सरकारी कचेरीत भाषांतरकार होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पेन्शनला दोन वर्षं उरलेली. म्हणून कचेरीतले कागद घरी यायचे, मी भाषांतर करायची, आणि आप्पा खाली सही करायचे. हे कोणाला कळता कामा नये, हे मला न सांगताच कळलं होतं.

गणपतीत तेव्हा मेळे निघत. गल्लीतली पंधरा-वीस मुलं, झांजा, तबला, एक पेटी. सुरुवातीला देवाची दोन पदं, मग सगळी देशाची. सभा बंद, मिरवणुका बंद, पण गणपतीपुढे गाणं पूर्ण बंद करणं सरकारलाही जड जात होतं. म्हणून सरकारने वाट काढली — मेळ्याने आपली वही आधी कचेरीत द्यायची, तिचं इंग्रजी व्हायचं, कचेरीतला गोरा साहेब ते वाचणार, मगच परवानगी.

आणि आप्पांनी त्यातून त्यांची वाट काढली होती. ते पदाचं पूर्ण भाषांतर करतच नसत. सारांश लिहीत. ‘गणपतीची स्तुती, नेहमीच्या प्रकारची.’ ‘पावसाचं वर्णन.’ खोटं एकही अक्षर नसे, फक्त चिमटीभर खरं असे. साहेबाला चाळीस पदं वाचायला वेळ नसे. मेळेवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. आपली गाणी दरवर्षी कशी सुटतात, याचं श्रेय ते गणपतीला देत.

त्या वर्षीची वही घेऊन आले ते शिवलिंगप्पा. कचेरीतले शिपाई, मूळचे दुधनीचे. घरी कन्नड, बाहेर मराठी. छातीवर सरकारी पट्टा, आणि संध्याकाळी तो पट्टा खुंटीला अडकवून ते मेळ्यात पेटी वाजवायचे. मला लहानपणी सा कुठला आणि पंचम कुठला ते त्यांनीच दाखवलं होतं. मला ‘अक्का’ म्हणत, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून.

वहीत एक पाळणा होता. आमच्या मागच्या आळीत हातमागावर बसणारे नरसय्या मास्तर, त्यांनी रचलेला. घरी तेलुगू बोलणारा तो माणूस मराठीत काय लिहून गेला होता! नवरा तुरुंगात आहे. बाई मागावर बंदी असलेला झेंडा विणते. पोलीस दार वाजवतात, तेव्हा ती तो बाळाच्या अंगाखाली अंथरते आणि पाळणा म्हणत बसते. पोलीस बघतात — बाळ निजलंय. जातात. शेवटच्या कडव्यात ती म्हणते, लवकर मोठा हो, तुझी ही गोधडी एक दिवस काठीला लावायची आहे.

आप्पा पडल्या पडल्या म्हणाले, “पाळणा ना? लिही — आई बाळाला निजवते, चार कडवी.”

मी हो म्हटलं.

आता इथे मला थांबावंसं वाटतं. पुन्हा लोणच्याकडे वळावंसं वाटतं.

मी सारांश लिहिला नाही. शाळेतल्या आमच्या इंग्रज बाई एकदा म्हणाल्या होत्या, तुम्ही मुली इंग्रजी पाठ करता, पण कवितेचा कान तुम्हाला नाही. ते माझ्या मनात रुतून बसलं होतं. आणि नवे साहेब कविता वाचतात, असं आप्पाच बोलले होते. मला वाटलं… काय वाटलं? की हे इतकं सुंदर आहे, वाचून कोणाचंही मन वितळेल? तसंही वाटलं असेल. पण खरं सांगायचं तर नरसय्या मास्तरांचा विचार माझ्या मनात आलाच नाही. माझं इंग्रजी कोणीतरी बघावं, एवढंच होतं.

दुपारी शिवलिंगप्पा दुसरे कागद न्यायला आले, तेव्हा त्यांना ओसरीवर बसवून मी पाळण्याची चाल म्हणवून घेतली. एकदा नाही, तीनदा. त्यांनी बोटांनी गुडघ्यावर ताल धरला, मी त्या झोक्यात इंग्रजी ओळी बसवल्या. यमकं जुळवली. शेवटचं कडवं मूळच्याहून चांगलं झालं, असं मला वाटलं. संध्याकाळी आप्पांनी न वाचता सही केली.

आठ दिवसांनी कागद परत आला. समासात पेन्सिलीने साहेबाचा शेरा होता. पहिली ओळ — उत्तम कविता. खाली दुसरी — गाऊ देऊ नये. कवीची चौकशी करावी.

बाळांनो, दुसरी ओळ वाचल्यावर मी पहिली पुन्हा वाचली. हेच मला तुम्हाला सांगायचं होतं. भीती नंतर आली. आधी मी ती ओळ पुन्हा वाचली.

नरसय्या मास्तरांना दुसऱ्या दिवशी मागावरून उठवून नेलं. पुढे सहा महिन्यांची सजा झाली. मेळ्यातल्या मुलांनी सरळ हिशेब मांडला: चाळीस पदांतून साहेबाने नेमकं हेच कसं उचललं? कोणीतरी समजावून दिलं. कचेरीत आपलं कोण जातं? एकच माणूस.

मास्तरांना नेलं त्या संध्याकाळी मी बायकांबरोबर गणपतीच्या मांडवात होते. शिवलिंगप्पा पेटी उघडून बसले. झांजवाल्या मुलाने विचारलं, “काय पेटीवाले, आज सायबाला कोणतं पद ऐकवायचं?” मुलं हसली. कोणी सूर मागितला नाही, कोणी गायला उठलं नाही. मग त्यांनी भाता मिटला, खटका लावला आणि पेटी खांद्यावर घेऊन बायकांच्या बाजूने, माझ्या अगदी समोरून, निघून गेले. मी माझ्या चपला शोधण्यात गुंतले होते. चपला पायातच होत्या.

त्यांनी एक वाक्य उच्चारलं असतं तर सुटले असते. भाषांतर कोणाच्या हातचं आहे, हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत होतं? त्यांच्यासमोरच तर केलं होतं. त्यांच्याच चालीवर.

आप्पांनी शेरा मला वाचून दाखवायला लावला. ऐकून त्यांनी चष्मा पुसला. “यापुढे सारांशच,” एवढंच म्हणाले. शिवलिंगप्पांवर आळ आला तेव्हाही ते का गप्प राहिले, ते मी सांगणार नाही. ते त्यांचं होतं. मी माझं सांगते आहे.

महिन्याभराने शिवलिंगप्पा शेवटचं बाड घेऊन आले. नोकरी सोडून दुधनीला, भावाच्या शेतावर चालले होते. ओसरीवर टेकले. मी काही बोलेन म्हणून थांबले असतील का? थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, “अक्का, तुमी लिवलेलं सायबाला लई आवडलं म्हणं. चालीत नीट बसलं व्हतं की?”

मी मान हलवली.

“मग झालं,” ते म्हणाले. “मी कुटं काय बोललो न्हाय. आप्पासायबांस्नी दोनच वर्सं ऱ्हायलीत.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, “पाणी देऊ का?” त्यांनी तांब्याभर पाणी घेतलं आणि गेले.

इथवरचं ऐकून तुम्ही म्हणाल, आजी सतरा वर्षांची होती, घाबरली. तसं म्हणू नका. पुढचं आहे.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मेळ्यातल्या जुन्या मुलांनी एक स्मरणिका काढली. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते, नीटनेटकी म्हणून माझी ख्याती. मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली. नरसय्या मास्तर तोवर गेले होते, त्यांच्यावर दोन पानं होती. त्यात एक वाक्य होतं: ‘मेळ्यातील पेटीवादक शिपाई फितूर झाल्याने पद सरकारला कळले.’ त्यात ‘फितूर’चं पहिलं अक्षर चुकून दीर्घ पडलं होतं. मी ते लाल शाईने ऱ्हस्व केलं, आणि पान छापायला पाठवलं.

तेव्हा आप्पा जाऊन सहा वर्षं झाली होती. पेन्शन नव्हती, साहेब नव्हता, कचेरीवर झेंडा आपला होता. मला कोणाचीही भीती नव्हती. समोर पान होतं, हातात पेन होतं, आणि मी एका वेलांटीकडे लक्ष दिलं.

ती स्मरणिका गावात घरोघर गेली. दुधनीलाही गेली असेल.

शिवलिंगप्पा फितूर नव्हते. साहेबाला तो पाळणा मी दिला, सुंदर करून.