त्या वाक्याला मी दिलेला मार्क

त्याने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "एया बार्रे." म्हणजे, ती झाडते.

सातवीचा वर्ग. डहाणूतली इंग्रजी माध्यमाची शाळा. मी तिथे स्पॅनिश शिकवते. मुलांना क्रियापदाची रूपं पाठ होत नव्हती, म्हणून मीच एक खेळ काढला होता. एका डब्यात कामांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात ते काम करणारा कोण, मी, तू, तो की ती, त्याच्या. दोन्ही उचलायच्या, कामाची नक्कल करायची, वर्गातल्या कुणाकडे तरी बोट दाखवून पूर्ण वाक्य बोलायचं. वाक्य बरोबर आलं की गटाला एक मार्क.

विहानने कमरेत वाकून हवेत खराटा फिरवला. वर मराठीत म्हणाला, "टीचर, आजी सांगते, तुमची आई आमच्या वाडीत झाडायची."

पोरं हसली.

वाक्य बरोबर होतं. मी फळ्यावर मार्क मांडला. आणि मीही हसले. हे कुणाला सांगितलं नव्हतं. हसले.

तो खोटं बोलत नव्हता. आम्ही वारली, तळासरीकडचे. झाईजवळ विहानच्या घरची चिकूची वाडी आहे, तिथे माझी आई राबली. मी मिशनच्या वसतिगृहात राहून शिकले. तिथल्या एक सिस्टर स्पेनच्या होत्या. भाजी चिरताना त्या माझ्याशी त्यांच्या भाषेत बोलायच्या. तेवढ्यावर पुढे मुंबईला परीक्षा दिल्या. आता ही भाषा बोलायला इथे मला कुणी नाही. जीभ जड होऊ नये म्हणून घरी एकटीच मोठ्याने वाचते. स्टाफरूममध्ये खिडकीकडे तोंड करून डबा खाते. कुठल्या म्हणून विचारलं तर "तळासरी साइड" म्हणायचं. पुढे कुणी विचारत नाही. मी सांगत नाही.

त्या दिवसानंतर वर्गाला चटक लागली. धुणे, उचलणे, वाहणे, असलं काही निघालं की बोट माझ्याकडे. झोपणे, फिरायला जाणे, आइस्क्रीम खाणे, याला मात्र ते एकमेकांकडे बोट करायचे. मी दर वेळी मार्क दिला. मनाशी म्हणायचे, चला, रूपं तरी पक्की होतायत. होतही होती.

प्रिन्सिपल सर खूश. "मॅडम, ओपन डेला हाच गेम दाखवा. पालकांना मजा येईल."

पालक आले. विहानची आजी पुढच्या बाकावर. बाकीच्या शिक्षिकांना ती मॅडम म्हणत होती. मला बघून म्हणाली, "अगं, तू जानीची ना? केवढी झालीस!"

माझे केस पिकलेत. तरी तोंडातून निघालं, "हो, शेठाणी."

खेळ सुरू झाला. विहानला 'ती' आली आणि 'गोळा करणे' आलं. तो वाकला, पडलेले चिकू टोपलीत टाकल्यासारखं करत चालू लागला. डावा पाय ओढत. "एया रेकोखे!" बोट माझ्याकडे. टाळ्या पडल्या. आजी हसत म्हणाली, "अगदी जानीच!"

आई तशीच चालते. डावा पाय ओढत. पण विहानने आईला कधी पाहिलेलं नाही. तो जन्मायच्या कितीतरी आधी तिने ती वाडी सोडली. म्हणजे त्या घरात कुणीतरी ही नक्कल करून दाखवत होतं. सगळे बघत होते. हसत होते. अजून.

सगळे माझ्याकडे बघत होते. मार्क कधी मांडते म्हणून.

"मार्क नाही."

"टीचर! पण करेक्ट आहे ना!"

"वाक्य करेक्ट आहे. मार्क नाही."

मग मी आजीकडे वळले. "आईचा तो पाय तुमच्या चिकूच्या झाडावरून पडून मोडला. नक्कल शिकवलीत, तर हेही शिकवा."

"अगं, पोर गमतीत करतंय."

"मला अगं म्हणू नका. मी याची टीचर आहे."



नंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, लाइटली घ्यायचं असतं हो. लहान आहे तो. सॉरीचा एक मेसेज टाका त्यांना, विषय संपला. तुमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलपण जवळ आलंय." स्टाफरूममध्ये त्या दिवसापासून कुणी माझ्याकडे बघून बोलत नाही. एकीने दारातच हळूच विचारलं, "एवढं कशाला ताणायचं?"

वर्गात मी मुलांना सांगितलं, आधीचे ते मार्क द्यायला नको होते. चूक माझी. ते मी पुसले. कुणी हसलं नाही.

मेसेज मी टाकलेला नाही. टाकणारही नाही. सरांना उभ्या उभ्या सांगून आले: "माफी मलाही हवी आहे, सर. पण माझ्याकडे मागायची नाही. त्या बाईंनी आमच्या पाड्यावर यायचं, माझ्या आईसमोर बसायचं आणि तिची मागायची. पत्ता मी देते."

काढतील बहुतेक. मी स्वतःहून जाणार नाही. वर्गात आहे तोवर विहानला शिकवीन, कच्चा ठेवणार नाही. पण त्या घराला शेठाणी, शेठ हे शब्द माझ्या तोंडून आता मेले तरी निघणार नाहीत.