कंसातला हशा

मी किचकट माणूस आहे. माझी बायको अनुपमा खडूस म्हणते, पण ते जाऊ दे. इन्शुरन्समध्ये सत्तावीस वर्षं काढली की माणसाला सगळं कागदावर लागतं. किसन धुरीचं जे झालं ते माझ्या ह्याच खोडीपायी झालं, तेव्हा ती आधीच सांगून टाकलेली बरी.

किसन दुबईत अल मनखूलला आमच्या घरी पहिल्यांदा आला तो एसी गळत होता म्हणून. अंगात बिल्डिंग मेंटेनन्सचा निळा युनिफॉर्म, वय पन्नाशीचं, अंगानं भरलेला आणि चेहरा तुळतुळीत. शिडीवरून उतरताना त्यानं खांद्यावरचं फडकं असं काही सावरलं की अनुपमा बघतच राहिली. "पदर सावरावा तसं," ती नंतर मला म्हणाली. मी मराठीत चहा विचारला आणि गडी खुलला. कुडाळकडचा होता. सोळा वर्षांपूर्वी तिकडे दशावताराच्या कंपनीत बायकांची कामं करायचा.

दशावतार म्हणजे देवळापुढं जत्रेत होणारं नाटक. त्यात बायकाही पुरुषच होतात, आणि संवाद कुणी लिहून देत नाही. मालक कथा सांगतो, पुढं ज्यानं त्यानं उभ्याउभ्या सुचेल ते बोलायचं. किसनची तारामती बघायला तीन गावं सोडून माणसं यायची म्हणे. मला वाटलं, फेकतोय.

"दोन वर्सां म्हणून इलंय साहेब," तो म्हणाला. मग एक बहीण उजवायची राहिली, मग घरावर स्लॅब घालायचा राहिला. ही गोष्ट इथं कुणाचीही आहे, पुढची मी विचारलीसुद्धा नाही. उगाच म्हटलं, "मिशी नाही ठेवत?"

"बाईचा काम करणाऱ्यान ठेवची नसता. बोलावणा कधी येतला, सांगूक येणा नाय." हे त्यानं अगदी सरळ सांगितलं. सोळा वर्षं हा माणूस रोज पहाटे, साइटची बस यायच्या आधी, बोलावणं येईल म्हणून दाढीबरोबर मिशी काढत होता.

पुढं ओळख वाढली आणि मी एका रविवारी त्याच्या अल कुसैसच्या खोलीवर जेवायला गेलो, मग वरचेवर जाऊ लागलो. आठ माणसांची खोली. स्वयंपाक नागेशकडे. हा वेंगुर्ल्याचा, एका कॅन्टीनमध्ये कुक, आणि पूर्वी किसनच्याच कंपनीत लोकांना हसवणारा नट. किसन राणी असला की हा तिचा आगाऊ द्वारपाल. किसनला दुबईत आणला तोही ह्यानंच. बांगड्याचं तिखलं ओरपून झालं की दोघं सुरू व्हायचे. खोलीतले सहाजण भिंतीला टेकून बसायचे, शेजारच्या खोलीतला वली, पेशावरचा, भाषा न कळता दारात उभा राहायचा.

"राणीसायबानू, तुमच्या कुडाळात मासो एष्टीन येता," नागेश म्हणायचा. "उतराच्या आधी तेचो वास उतारता."

"आणि तुमच्या वेंगुर्ल्यात समुद्र आसान पाहुण्याक पेज वाढतत," राणी मान वेळावून म्हणायची. आवाज असा बदलायचा की बनियन घातलेला तो बाप्या दिसेनासाच व्हायचा. तेव्हा मला पटलं की हा फेकत नव्हता.

आणि प्रत्येक वेळी शेवट एकच. नागेश विचारायचा, "मेल्या, आरशात बघलंस काय? तुका नेसवूक आता दोन लुगडी लागतली. कंपनीत कोण घेतलो तुका?" किसन ताठ व्हायचा आणि म्हणायचा, "ह्या दिवाळेक जातलंय. शालू तयार आसा." खोली हसून आडवी व्हायची. खलास. मग पत्ते निघायचे.

शालू खरंच होता. बॅगेत, बंकखाली, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला.

गेल्या वर्षी जूनमध्ये किसन माझ्या ऑफिसखाली येऊन उभा राहिला. कंपनीच्या मालकाचा फोन आला होता. स्त्रीपार्ट करणारा पोरगा सोडून गेला होता, दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात तेव्हा येऊन बघ म्हणाला होता. किसनला राजीनाम्याचं पत्र इंग्रजीत लिहून हवं होतं. "नागेशाक अजून सांगूक नाय," तो म्हणाला. "तो जीव खाईत." मी पत्र लिहून दिलं. तारीख त्यानं कोरी ठेवायला सांगितली. इतका आनंदी माणूस मी त्या उन्हात दुसरा पाहिलेला नाही.

आणि मग मला अवदसा आठवली. आमच्या मंडळाच्या सांस्कृतिक समितीचा मी सेक्रेटरी. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात तेच ते डान्स बघून लोक कंटाळले होते. मी ह्या दोघांचं नाव सुचवलं. मनात होतं की किसन जायच्या आधी इथल्या लोकांनी एकदा त्याला बघावं. अध्यक्ष म्हणाले, चालेल, पण स्क्रिप्ट लागेल. मागच्या वर्षी कुणीतरी स्टेजवर वाट्टेल ते बोललं होतं. मी म्हटलं, नो प्रॉब्लेम. ज्या बोलण्याला आयुष्यात कधी कागद लागला नाही, ते मी टाइप करायला घेतलं.

एका रविवारी फोनवर रेकॉर्ड केलं, चार संध्याकाळी बसून लिहिलं. आमची मिहिका म्हणाली, "बाबा, इट्स नॉट फनी ऑन पेपर." मी तिला गप्प केलं. नाटकाच्या पुस्तकांत असतं तसं, जिथं जिथं लोक हसले तिथं कंसात 'हशा' लिहिलं. मला काय हौस.

पुढच्या रविवारी प्रिंट घेऊन गेलो. नागेश कांदा चिरत होता. किसन बोट फिरवत सावकाश वाचत होता, मधूनमधून स्वतःशीच हसत होता. शेवटच्या पानावर बोट थांबलं.

"साहेब, हयसर हशा कित्याक लिवलास?"

मी वाकून पाहिलं. 'किसन : ह्या दिवाळेक जातलंय. (हशा)'.

"लोक हसतात ना तिथं," मी म्हटलं.

"ते नागेशाक हसतत. तो लुगड्याचा बोलता, तेका."

आता इथं शहाण्या माणसानं हो म्हणून पुढं जावं. मी कागदाचा माणूस. चूक काढली की मला पुरावा द्यावा लागतो. मी फोन काढला आणि रेकॉर्डिंग लावलं. नागेशचं लुगड्याचं वाक्य झालं, दोघंतिघं फिस्सकन हसले. मग किसनचं वाक्य आलं आणि सगळी खोली फुटली. त्यात माझं हसणं सगळ्यात मोठं होतं.

किसननं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग नागेशकडे बघून विचारलं, "तुका म्हायत होता?"

नागेश खाली बघून कांदा चिरत राहिला. मी काहीतरी सारवासारव केली, की लोक प्रेमानं हसतात वगैरे. किसन "होय, होय" म्हणाला आणि कागदाची नीट घडी घालून उशाखाली ठेवली. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, झालं मिटलं.

कार्यक्रम ऊद मेथाच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. किसननं दुपारी दोनपासून स्वतःच रंग लावला, कुणाला हात लावू दिला नाही. पडद्यामागून तो शालू नेसून बाहेर आला आणि सहाशे माणसं चिडीचूप झाली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी आपापले पदर नीट केले. पोट, वय, सगळं कुठं गेलं कोण जाणे. राणी उभी होती. अनुपमा माझ्या कानाशी म्हणाली, "अरे, हा माणूस एसी दुरुस्त करतो?"

एसटीचा मासा झाला, पेज झाली, हॉल हसत होता. शेवट आला तेव्हा नागेशनं लुगड्याचं वाक्य गाळलं आणि हात जोडून निघायच्या तयारीला लागला. स्क्रिप्ट माझ्या मांडीवर होतं, मला कळलं. किसन जागचा हलला नाही.

"द्वारपाला," राणी म्हणाली, "दरवेळी इचारतस तां इचार."

नागेशनं नकारार्थी मान हलवली.

"इचार."

त्यानं विचारलं. त्या वाक्यातला 'मेल्या' गळला होता. आरसा आणि लुगडंही नव्हतं. "कंपनीत कोण घेतलो तुका?" एवढंच, तेही हळू.

किसननं पदर सावरला. समोर, आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून कुठंतरी बघितलं आणि म्हणाला, "कोण नाय. आता जावचंय नाय मी."

हॉल कोसळला. टाळ्या, शिट्ट्या, मागची पोरं उभी राहिली. अध्यक्षांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "काय टायमिंग आहे हो ह्या माणसाचं!" नागेश अंगरख्याच्या बाहीनं तोंड पुसत होता, लोक त्यालाही हसले.

दिवाळी आली आणि गेली. पत्राचं काय केलं ते मी विचारलं नाही, हिंमतच झाली नाही. जानेवारीत एका रविवारी खोलीवर गेलो. तिखलं तसंच होतं. जेवण झाल्यावर सहाजण भिंतीला टेकले, वली दारात येऊन उभा राहिला. नागेशनं किसनपुढं चहाचा कप ठेवला. "किसनराव, साखर बेताची घातलंय हां," तो म्हणाला. किसन म्हणाला, "बरा केलास." दोघांनी चहा घेतला. थोडा वेळ वाट बघून वली निघून गेला.

मार्चमध्ये आमचा एसी परत गळायला लागला. बेल वाजली, मी दार उघडलं. किसन शिडी घेऊन उभा होता. मला ओळखायला एक क्षण लागला, कारण त्याच्या ओठावर मिशी होती. चांगली जाड, निम्मी पांढरी.

"बरी दिसता?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं.