लोखंडी चांद आणि बायकोचा सूट

रिसोडच्या चौकात दोन मजली उंचीचा लोखंडी चांद उभा राहिला, तेव्हा सगळ्यात जास्त खूश मी झालो. वरच्या गोलावर पाट्या होत्या. खरा चांद वाढेल तशी एकेक काळी पाटी उलटून पांढरी व्हायची. खाली काचेच्या जाड नळीत निळं पाणी, तिकडे समुद्राला भरती आली की इकडे चढणारं. "समुद्र कुठी अन् रिसोड कुठी!" म्हणत लोक हसायचे, पण पाणी चढताना बघायला थांबायचेच.

मी शिंपी, दुकान त्या चांदासमोरच. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी चांद दिसला तर उद्याच ईद, नाही तर शिवायला एक दिवस जास्त मिळतो. त्या जास्तीच्या दिवसावर माझ्या बायकोचे कपडे टांगलेले असतात. आधी गिऱ्हाईक, मग ती. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण ईदच्या सकाळी तिच्या अंगावर नवा कपडा कधी आला नव्हता. मला त्याची फार लाज वाटायची. यंदा ईदला नवा सलवार-सूट अंगावर घालशील, अशी मी तिला जबान दिली होती.

त्या संध्याकाळी समोर पाहिलं, तर सगळ्या पाट्या काळ्या. मी खुशाल मशीन थांबवून रोजा सोडायला बसलो. काज-बटणं करायला आलेली बायको म्हणाली, "आभाळात पाह्यलं का?"

"आभाळात कायले पाहू? एवढा मोठा समोर हाये ना!"

खजूर तोंडात असतानाच मशिदीच्या भोंग्यावरून जाहीर झालं, चांद दिसला, उद्या ईद. या अल्ला! पहिली पाटी चांद चांगला जाड झाल्यावरच उलटते, नखाएवढ्या कोरीचा हिशोबच त्यात नाही, हे मला मागाहून कळलं.

दुकानात झुंबड उडाली. "मास्टर, माहा कुर्ता?" मी सगळ्यांदेखत बायकोचं कापड पसरलं आणि कात्री चालवली.

"पयले हिचा. बाकीचे थांबा."

"येडे झाले काय?" तीच माझ्यावर ओरडली. "लोकं काय म्हनतीन?"

मी ऐकलं नाही. पण गिऱ्हाइकं अंगावर यायला लागली, तेव्हा सूट कच्च्या टाक्यांवर जोडून तिच्या हातात दिला. म्हटलं, पक्की शिलाई नंतर मारतो.

सकाळी ती तोच घालून शिरखुर्मा वाटत होती. गळ्याला, बाह्यांना पांढरे धागे लोंबत होते. मी ओशाळलो. म्हटलं, "काढून दे, दहा मिंटात पक्का करतो."

"नाई देत," ती हसून म्हणाली. "एकदा दुकानात गेला त मंग पुढच्या ईदलेच भेटन मले."