पुडीतला चहा

शंकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत आमच्या स्वयंपाकघरात संध्याकाळच्या चहाचं दूध तापवत उभा होतो. फोनवर त्याची सून सुनंदा होती. "सर, आण्णा गेले वो... दुपारी जेवून पडले ते उठलेच न्हाईत." मी काहीतरी बोललो असेन, काय ते आठवत नाही. एवढं मात्र आठवतं, की दुःख व्हायच्या आधी माझ्या मनात एक विचार चटकन येऊन गेला... चला, आता ते सांगावं लागणार नाही. जिवाभावाच्या मित्राच्या मरणाची बातमी ऐकून सुटल्यासारखं वाटलं, असा माणूस मी आहे. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला बरं पडेल.

शंकर आणि मी साताऱ्याच्या एका वसतिगृहात चार वर्षं एका खोलीत राहिलो. तो मेढ्याकडच्या डोंगरातल्या गावचा, मी सांगलीचा. पुढे तो फौजेत गेला आणि मी शाळेत मुलांना रसायनशास्त्र शिकवत राहिलो. सुभेदार होऊन परतल्यावर त्याने कराडला लागून मलकापुरात घर बांधलं, आणि माझी नोकरी संपल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने त्याच्याकडे जायचा माझा नेम झाला. घरचे त्याला आण्णा म्हणत, तो मला मास्तर म्हणायचा. आमच्याकडचे बाकीचे फौजी लोखंडी ट्रंक, भरघोस मिशा आणि हिंदी शिव्या घेऊन येतात. शंकरने त्याखेरीज एक चहा आणला. बंगालच्या डोंगरात त्याची पलटण होती, तिथे शेजारच्या चहाच्या कारखान्यातल्या एका म्हाताऱ्याशी त्याची गट्टी जमली आणि त्याने शंकरला ऊलाँग नावाच्या चहाचा नाद लावला. पान तोडून सुकवायचं, हलक्या हाताने चोळून कडा तेवढ्या दुखवायच्या, कडा लालसर झाल्या की लगेच भाजून थांबवायचं. हिरवा म्हणावा तर हिरवा नाही, काळा म्हणावा तर काळा नाही. शंकर त्याला 'मधला चहा' म्हणायचा, सुनंदा 'आण्णांचा काढा' म्हणायची, आणि गल्लीतले लोक म्हणायचे, चारी बाजूंनी ऊस आणि सुभेदारांनी साखरेशीच दावा मांडलाय.

तो चहा करायला बसला की फौजी शिस्तीत बसायचा. खिडकीपाशी पाट, पाटावर झाकणाची चिनी मातीची वाटी, दोन बोटभर कप. पाणी खळखळलं की किटली उतरवून जरा थांबायचा. पहिलं पाणी वाटीत ओतून लगेच जास्वंदीच्या कुंडीत टाकायचा. ते पान उठवायला, माणसाला प्यायला नव्हे. मग दुसरं, तिसरं, चौथं. दर खेपेला आधी झाकण उलटं करून हुंगायचं, मग मला हुंगायला द्यायचं. आणि पिताना असा फुरका मारायचा की आमची ही एकदा सोबत आली होती ती दचकलीच. आमच्याकडे बशीतून फुरके मारणाऱ्याला गावंढळ म्हणतात. शंकर हसून म्हणाला, "वैनी, फुरका मारल्याबिगर वास नाकात चढत न्हाई. तिकडं मोठंमोठं सायब लोक असंच पित्यात." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तिसऱ्या पाण्याला ध्यान दे. खरी चव तवा येती." मी मान हलवायचो. खरं सांगायचं तर मला त्यात कोमट पाण्यापलीकडे फारसं काही लागत नसे, आणि लक्ष साडेपाचच्या सांगली गाडीकडे असे.

दरवर्षी त्या म्हाताऱ्याकडून कापडात शिवलेलं पार्सल यायचं. तो म्हातारा वारला. त्याच्या मुलाने कळवलं की आता मोबाइलवरूनच मागवावं लागेल. शंकरला मोबाइलवर बोलण्यापलीकडे काही जमत नव्हतं, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "ते माझ्याकडे लागलं." दोन वर्षं मी नीट मागवलं. गेल्या वर्षी विसरलो. आजारपण, लग्नकार्य, अशी कुठलीच सबब माझ्याकडे नाही. शंकरने तीनदा आठवण करून दिली, मी तीनदा 'आजच बघतो' म्हणालो. मग एकदा त्याच्याकडे जायचा दिवस उजाडला आणि रिकाम्या हाताने जायची लाज वाटली. स्टँडवर जाताना एका दुकानातून ग्रीन टीचं मोठं पाकीट घेतलं, एसटीत मागच्या सीटवर बसून ते एका खाकी पुडीत ओतलं आणि पाकीट खिडकीतून फेकून दिलं. जन्मभर मुलांना दोन पदार्थ वेगळे कसे ओळखायचे ते शिकवलेला मी, मला वाटलं की हे खपून जाईल. त्या पावसाळ्यात शंकर तापाने बरेच दिवस पडून होता, त्यानंतर त्याच्या जिभेला तशीही पूर्वीसारखी चव राहिली नसेल, अशी मनाची समजूतही घातली.

शंकरने पुडी उघडली. तळहातावर चिमूटभर घेतलं, बोटाने पसरलं, हुंगलं. मी छताच्या पंख्याकडे बघत होतो. जरा वेळाने तो म्हणाला, "पान लय बारीक हाय रं यंदा. तिकडं पाऊस जास्ती झाला असंल."

"हो, तिकडचा दुकानदार तेच सांगत होता," मी म्हणालो.

त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. तेवढ्यात बोलून गेलो असतो तर त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. त्याने पुडी दुमडली, वर रबर लावलं आणि फळीवर ठेवली. त्यानंतर मी चार वेळा मलकापूरला गेलो. चारही वेळा त्याने माझ्यापुरता चहा केला आणि स्वतः पेल्यात नुसतं गरम पाणी घेऊन बसला. "माझा झाला मगाशी, तू घे." दुसऱ्या खेपेला मी कप रिकामा करून चांगला ठसक्यात म्हणालो, "बघ, पान बारीक असलं तरी चव तीच आहे की." शंकर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय. तिसरं पाणी घे." मी घड्याळ बघितलं.

तेराव्याला गेलो होतो. जेवणं झाल्यावर सुनंदाने ती खाकी पुडी आणि एक लहान स्टीलचा डबा माझ्यापुढे ठेवला. "सर, ह्ये तुमीच घेऊन जावा. आमच्यात कोन पिनार." पुडी निम्मी संपलेली होती. डब्यात तळाशी काळसर, पीळ बसलेली पानं होती, दोन वर्षांपूर्वीची, मी नीट मागवलेली. "हा डबा तुमी आल्यावरच उघडायचे आण्णा. आमाला हात लावू देत न्हवते."

"आणि तो स्वतः?"

"ते रोज ह्या पुडीतला प्यायचे. लय तोंड वाकडं करून प्यायचे वो. मी एकदा म्हनलं, आवं आण्णा, आवडत न्हाई तर पिताय कशापायी? तर म्हनले, मास्तरनं आनलाय."

ती हे कौतुकाने सांगत होती. मित्राने आणलेली वस्तू कशी जपली, म्हणून. मी नुसतं 'हं' म्हणालो आणि दोन्ही पिशवीत टाकलं. सुनंदा वर्तमानपत्राची ही पुरवणी न चुकता वाचते. पोरी, तिथे तोंडावर बोलायला जीभ उचलली नाही, म्हणून इथे लिहितो. तुझ्या सासऱ्याला सगळं पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी त्याला फसवलं, त्याने मला सांभाळून घेतलं.

घरी येऊन मी दोन्ही चहा शेजारी शेजारी केले. पाणी उतरवून थांबलो, पहिलं पाणी टाकून दिलं, फुरका मारून प्यायलो. पुडीतल्याला भिजलेल्या कडब्याचा वास होता. डब्यातल्याला दुसऱ्या पाण्याला भाजल्यासारखा खमंग वास आला आणि तिसऱ्या पाण्याला घशात गोडवा उतरला, पिकलेल्या फळासारखा, साखरेचा कण नसताना. दोन्हींतला फरक शाळेतल्या पोरालाही कळला असता. म्हणजे माझ्या जिभेत काही खोट नव्हती. त्याच्यासमोर बसून चार वेळा हाच चहा मी प्यायलो होतो आणि एकदाही चाखला नव्हता. या गोष्टीची मला फसवणुकीपेक्षा जास्त लाज वाटते... आणि शंकर मात्र दर वेळी माझ्या तोंडाकडे बघत बसलेला असायचा, आता तरी याला कळेल म्हणून.

डब्यात अजून दोन कपांपुरतं पान आहे. ते मी ठेवून दिलं आहे, करायचा धीर होत नाही. पुडीतला चहा मात्र रोज सकाळी करतो. निम्मा त्याने संपवला, उरलेला मी संपवणार आहे. परवा ही समोर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, एवढं तोंड वाकडं करून पिता कशाला तो?"

मी म्हणालो, "मास्तरनं आणलाय."