दहा किलोची पेटी

वरद बेहेरे झोपाळ्यावर राहतो. माळनाक्याला घर आहे, घरामागे चाळीस कलमं आहेत, पण ते सगळं पद्मजाकाकू, म्हणजे त्याची आई बघते. फवारणीवाल्याशी भांडते ती, आंबा उतरवून घेते ती. वरद संगीतकार आहे. फवारणीच्या वासाने गळा बसतो, असं तो म्हणतो. तो गात नाही, वाजवतो. पण विचारणार कोण?

२००६ च्या पावसाळ्यात मी आयुष्यातलं पहिलं नाटक बसवायला घेतलं, राज्य नाट्यस्पर्धेसाठी. आमच्या संस्थेत तोवर बाईने चहा द्यायचा किंवा तिसऱ्या अंकात मरायचं, एवढीच सोय होती. अध्यक्ष श्रीपतीकाकांनी बजावलं होतं, "बसव हो. पण पडलं, तर पुढच्या वर्षी मुकाट्याने प्रॉम्प्टिंगला बसायचं."

संगीत मी वरदला दिलं, कारण त्याच्या हातात सूर होता. हीच तर चीड. शेवटच्या प्रवेशात आई रिकाम्या होडीपाशी येते. त्या जागेसाठी त्याने जुलैत एकदा पेटीवर चार ओळींची धून वाजवली. आईची भूमिका करणारी दर्शना पेटी थांबली तरी जागची हलली नाही.

"हीच! आत्ताच्या आत्ता टेपवर घेऊ," मी म्हटलं.

"छे! हे कच्चं आहे. मी लॅपटॉपवर करणार. तीस वाद्यं."

"कुठल्या लॅपटॉपवर?"

"तो निवडतोय."

ऑगस्ट गेला. तो निवडत होता. झोपाळ्यावर माहितीपत्रकांची चळत, शेजारी लाडवांचा डबा.

"हलका हवा गं. संगीत असं घरात बसून होत नसतं. भाट्याला समुद्राच्या पुळणीवर सुचलं, तिथे करायचं. पालीच्या एस्टीत सुचलं, एस्टीत करायचं."

"पालीला शेवटचा कधी गेला होतास?"

"जड मशीन असलं की जाणं होत नाही."

"मशीन आहे कुठे तुझ्याकडे?"

"म्हणूनच जाणं होत नाही."

सप्टेंबरात गेले तर हा अंगणात येरझारा घालत होता. एका खांद्याला तांदळाची पिशवी, एक किलो दोनशे ग्रॅम. दुसरी पायरीवर, दोन किलो तीनशे. दोन्ही आंब्याच्या ताणकाट्यावर तोललेल्या. लॅपटॉपही दोनच उरले होते, त्याच वजनांचे. झोपाळा ते तुळस, तुळस ते झोपाळा. आठव्या फेरीला घाम पुसून म्हणाला, "हा जाणवतच नाही बघ खांद्याला."

आतून काकू ओरडल्या, "वरद, तांदूळ फिरून झाले असतील तर आण. भात टाकायचाय."

"मग हलका घे आणि मोकळा हो," मी म्हटलं.

"घेतला असता. पण जड्याचा आवाज सरस म्हणतात."

"मग जड घे."

"खांदा?"

ऑक्टोबर उजाडला. तालमीत दर्शना होडीपाशी यायची आणि मी तोंडाने "टँऽऽ" करायचे. सगळे हसायचे, दर्शनासुद्धा. आईला रडायच्या जागी हसायची सवय लागली तर स्पर्धेत काय होणार, या विचाराने मला जेवण जाईना. आणि एका सकाळी वरद स्कूटर घेऊन दारात. झोपाळा सोडून आला म्हणजे काहीतरी भयंकर असणार.

"बस मागे. कोणाला सांगू नको हं. देवाला कौल लावायचाय."

हाच वरद आम्हाला गावठी म्हणायचा, तालमीआधी नारळ फोडला म्हणून. आता तोच त्यांच्या गावच्या देवळात, पालीच्या पुढे, धोंडू गुरवापुढे नारळ घेऊन उभा राहिला.

"काय इचारायचा हाय?" धोंडू म्हणाला. "जमिनीचा हाय?"

"नाही. लॅपटॉपचं."

"त्यो कोन?"

"मशीन आहे. दोन आहेत. एक हलकं, एक जड. कुठलं घेऊ?"

"वापरनार कोन?"

"मीच."

"मंग देवास कशाला तरास?"

मी खांबाआड जाऊन हसून घेतलं. धोंडूने मात्र आपलं काम चोख केलं. पाषाणाला दोन्ही अंगांना भिजवलेल्या कळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराला यंत्र घ्यायचा हाय. हलका घ्यायचा आसंल तर उजवी दे, जड घ्यायचा आसंल तर डावी दे. काय ता लवकर दे, लेकरू लय थकलाय."

दहा मिनिटांनी उजवी कळी पडली. वरदच्या डोळ्यांत पाणी. "बघ! हलकाच!"

लॅपटॉप मुंबईहून आला तेव्हा आमच्या प्रयोगाला तीन दिवस उरले होते. पाटीएवढा, देखणा. काकूंनी हळदकुंकू लावलं. संगीताचा प्रोग्राम मित्राने सीडीवर दिला होता. वरदने सीडी बोटावर धरली आणि लॅपटॉपची डावी कड चाचपली. मग उजवी. मग मागची. मग उलटा केला.

"हिला घालायचं कुठे?"

घालायला जागाच नव्हती. तो हलका होता तो त्यामुळेच. जड्यात सीडीची खाच होती. बाहेरून जोडायचं यंत्र मागवायला आठ दिवस, दुकानदार म्हणाला.

"देवाने फसवलं," वरद म्हणाला.

"तू देवाला वजन विचारलंस. त्याने वजन सांगितलं," मी म्हटलं. "आता ऊठ. पेटी उचल. विंगेत बसून तीच धून वाजव."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला विहीर उपसायला सांगितली.

"पेटी? दहा किलोची आहे ती! आणि मी विंगेत पेटी वाजवू? भजनीबुवासारखा?"

मला आठवतं, मी हात उगारला होता. तो पडला नाही तो काकूंमुळे. ओले हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "कुठली गं धून?"

मी गुणगुणले. दोन ओळी होतात न होतात, तोवर पुढच्या दोन त्यांनीच म्हटल्या.

"ही होय! आंब्याची साटं वाळत घालताना म्हणते मी. हा लहान असताना ताटाभोवती माश्या वारत बसायचा. मी वाजवू? पेटीवर थोडाफार हात बसलाय माझा."

"आई, ती माझी कंपोझिशन आहे," वरद झोपाळ्यावरून म्हणाला.

"हो रे बाळा," काकू म्हणाल्या आणि पेटीवरची खोळ काढली.

प्रयोगाला पेटी आम्ही दोघींनी एकेका कडीला धरून विंगेत नेली. दर्शना होडीपाशी आली. काकूंनी पहिला सूर लावला आणि ती थांबली, जुलैत थांबली होती तशीच. तिसऱ्या ओळीला काकूंचं बोट घसरलं. कोणाला कळलंही नाही. पडदा पडेपर्यंत प्रेक्षागृहात कोणी खोकलं नाही.

श्रीपतीकाका विंगेत आले. "पुढच्या वर्षीचं नाटक शोधायला लाग," एवढंच म्हणाले.

वरद तिसऱ्या रांगेत मांडीवर लॅपटॉप उघडून बसला होता. संगीताचं कौतुक करायला आलेल्यांना सांगत होता, "माझीच धून. मशीनवर केली असती तर तुम्ही रडलाच असतात."

परतताना रिक्षा केली. वरद पुढे रिक्षावाल्याशेजारी, लॅपटॉप छातीशी. मागे काकू आणि मी, पेटी दोघींच्या मांड्यांवर. जेल रोडच्या वळणावर खड्डा आला. पेटी माझ्या गुडघ्यावर आदळली, काकू कळवळल्या.

"अरे, जरा जपून!" वरद रिक्षावाल्यावर खेकसला. "नाजूक मशीन आहे हातात."